ज्याला गळा नाही ते गाणं नव्हे

३ फेब्रुवारी, मंगळवार

संकल्प. आजपासून या ऑफिसात माझ्या रचनेला कोणी 'गाणं' म्हणालं तर ऐकून घ्यायचं नाही. शांतपणे पण ठामपणे दुरुस्त करायचं. चिडायचं नाही.

निमित्त साहेबांचं. सकाळी माझ्या खोलीत डोकावले आणि काका, दुसऱ्या खोलीचं गाणं झालं का, असं विचारून गेले. एका वाक्यात दोन चुका. एक, मी इथे काका नाही. साहेब हिच्या (म्हणजे बायकोच्या) बहिणीचा मुलगा असेल, पण ऑफिसात मी संगीत विभागाचा प्रमुख आहे. विभागात मी एकटाच, ही गोष्ट वेगळी. दोन, ते गाणं नव्हे. गाण्याला शब्द लागतात, शब्दांना गळा लागतो. माझ्या रचनेत दोन्ही नाहीत. मग ते गाणं कसं?

आमचा गेम असा. एक घुबड. एक मोठी इमारत, तिच्यात साठ खोल्या. प्रत्येक खोलीत किल्ली शोधायची, दार उघडायचं, पुढच्या खोलीत जायचं. मधे मांजर येतं. बास. एवढ्यावर सात माणसांची पोटं भरतायत. मी आल्यावर त्या घुबडाला आत्मा मिळाला.

माझा करार गेम बाहेर पडेपर्यंत. नंतर कायम करतो असं साहेब म्हणालेत. म्हणजे 'बघू' म्हणालेत, पण ज्या सुरात म्हणाले तो सूर मला कळतो. आयुष्य सुरांत गेलंय.

४ फेब्रुवारी

प्रोग्रामरला समजावलं. ही अठ्ठाविशीतली मुलगी. हुशार आहे, पण कान नाही. गाणं आणि वाद्यरचना यांतला फरक तिला मुळापासून सांगितला. तिने सगळं ऐकलं, ऐकताना टाइप करणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, तुम्ही म्हणाल ते, पण चाळीस सेकंदांचं द्या आणि त्याचा शेवट सुरुवातीला जुळू द्या. खेळणारा एका खोलीत किती वेळ रेंगाळेल सांगता येत नाही, तोवर ते गोल फिरत राहिलं पाहिजे. याला म्हणे लूप म्हणतात.

मी विचारलं, रचनेला शेवट नकोच? तर म्हणाली, शेवट खेळणारा करतो, दार उघडून.

उर्मटपणा. आजवर मला कोणी शेवट करू नका असं सांगितलं नव्हतं. शाळेत शिकवायचो तेव्हा तासाची घंटा व्हायची, पण ती सगळ्यांनाच व्हायची.

७ फेब्रुवारी

मांजराची रचना पूर्ण. सात मिनिटं. आधी मांजराची चाहूल, मग मांजराचं मन, मग घुबडाची घालमेल, मग झटापट. मनासारखी उतरली.

सगळ्यांना बोलावून ऐकवली. टेस्टर (दिवसभर गेम खेळून चुका काढणं हे याचं काम, याला पगार मिळतो) म्हणाला, मांजर घुबडाला अकरा सेकंदांत पकडतं. म्हणजे चाहूल संपायच्या आत घुबड दोनदा मरून परत आलेलं असतं. मी म्हणालो, मग मांजराचा वेग कमी करा. नाचता येईना अंगण वाकडं, असं आमचे चित्रकार खिडकीबाहेर पाहत कोणाला तरी उद्देशून म्हणाले. टेस्टरला असणार.

अकरा सेकंदांचं करून द्यायचं ठरलं. फक्त झटापट ठेवली. मांजराचं मन गेलं.

११ फेब्रुवारी, दुपार

काल बाहेरचे पाहुणे गेम पाहायला आले आणि तिसऱ्या खोलीत गेम बंद पडला. कारण काय, तर त्या खोलीची माझी फाइल आलेलीच नव्हती. गेमने ती शोधली, सापडली नाही, तर आ वासून उभा राहिला. सगळे माझ्याकडे पाहत होते. फाइल तयार होती. फक्त डोक्यातून बाहेर यायची राहिली होती. अशा वस्तू भाजीसारख्या तोलून घेता येत नाहीत, हे साहेबांना सांगितलं. ते हो काका म्हणाले.

प्रोग्रामरने आज नवा नियम घातला. यापुढे गेमला एखादी आवाजाची फाइल सापडली नाही तर अडून बसायचं नाही, बोंब मारायची नाही, मुकाट पुढे जायचं. मला सांगायला आली तेव्हा उपाय चांगला आहे असं मी मोठ्या मनाने म्हणालो. तसा माझा याच्याशी काही संबंध नाही.

१४ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा ते फोल्डर पाहिलं, ज्यात माझ्या रचना ठेवतात. न पाहतो तर बरं झालं असतं. प्रोग्रामरने दिलेली नावं अशी: गाणं१, गाणं२, गाणं२_बरं, मांजरगाणं, मांजरगाणं_छोटं, जिंकला_गाणं, मेला_गाणं, मेला_गाणं_खरंच_शेवटचं.

घुबडाच्या मृत्यूवर मी तीन दिवस घालवले होते. एका रात्री जेवलो नव्हतो. आणि त्याचं नाव काय, तर 'मेला गाणं'.

धंद्यात इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. सगळीकडे सावळा गोंधळ. कोणी ट्रॅक म्हणतो, जशी काही वरून मालगाडी जाणार आहे. कोणी बीजीएम म्हणतो, म्हणजे बॅकग्राउंड म्युझिक. मला ती रक्ताची तपासणी वाटली. किल्ली सापडल्यावर दोन सूर वाजतात त्यांना स्टिंगर, म्हणजे नांगी. आणि उरलेलं जग सरसकट गाणं म्हणतं. मोठमोठे खेळाडू लिहितात, अमक्या गेममधलं गाणं ऐकून रडू आलं. अरे रडा, पण कशाला रडताय ते तरी नीट सांगा.

हे काम माझ्यासाठीच पडून राहिलं होतं. परिभाषा करायची. मराठीत आणि कायमची.

१९ फेब्रुवारी

परिभाषा पूर्ण. गेम उघडताच वाजते ती स्वागतधून. खोलीत हिंडताना गोल फिरत राहते ती फेरधून. मांजर आल्यावर पाठलागधून. किल्लीचे दोन सूर म्हणजे चमकतुकडा. घुबड गेल्यावर विरामधून. आणि घुबडाची म्हणून जी खूण प्रत्येक धुनेत कुठे ना कुठे डोकावते ती ओळखसुरावट. प्रत्येकीची व्याख्या, कारणमीमांसा, जुन्या चुकीच्या नावाचं खंडन. अकरा पानं झाली. दुपारी सगळ्यांना पाठवली.

चमकतुकडा तर असा जमलाय की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते.

या नादात सव्विसाव्या खोलीपासून पुढच्या फेरधुना राहिल्यात. होतील.

२० फेब्रुवारी

परिभाषेवर एकच प्रतिक्रिया. लेखापालांनी अंगठा वर केला. निदान एक माणूस तरी जाणकार निघाला म्हणून त्यांच्या टेबलाशी गेलो, कोणती संज्ञा आवडली विचारलं. त्यांनी ओशाळून सांगितलं की खाली सरकवताना बोट लागलं.

पालथ्या घड्यावर पाणी. पण ओतणाऱ्याने ओतत राहावं.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिला स्वागतधून ऐकवली. ही पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घेते, त्यामुळे रविवारी जरा दमलेली असते. कपड्यांच्या घड्या घालत होती. छान आहे का विचारलं, छान आहे म्हणाली. मग विचारलं, याला तू काय म्हणशील? ती म्हणाली, कशाला? मी म्हणालो, या प्रकाराला. थोडा विचार करून म्हणाली, तुमचं ते टुणटुण.

चिडायचं नाही हा संकल्प घरीही लागू आहे. फक्त अकरा पानं तिच्या उशाशी ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर त्यांवर चष्म्याचं घर होतं.

पिकतं तिथे विकत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटची बैठक. सोमवारी गेम बाहेर पडणार. सगळ्या खोल्यांच्या फेरधुना द्यायच्या होत्या. पंचवीस दिल्या, त्याच आलटून पालटून साठ खोल्यांत वापरा असं सुचवलं. साहेब म्हणाले, चालेल. एवढ्या सहज चालेल म्हणाले की मला जरा लागलं.

मग श्रेयनामावली पडद्यावर दाखवली. चित्रं, आज्ञावली, चाचणी, सगळं व्यवस्थित. आणि तळाशी: गाणी, काका.

मी उभा राहिलो. एकेक शब्द तोलून बोललो. गाणी नव्हेत आणि काका हे नाव नव्हे. बराच वेळ बोललो असेन, कारण टेस्टर मधे उठून पाणी पिऊन आला. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, काका, तुम्हाला हवं ते नाव तुम्ही घाला, पासवर्ड देतो, पण त्या ओळीशिवाय आता कोणी कशाला हात लावू नका.

म्हणजे नावं देण्याचे अधिकार अधिकृतपणे माझ्याकडे आले.

२८ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी ३

ऑफिसात कोणी नाही. प्रोग्रामर सुट्टीवर. संध्याकाळी सहाला ऑफिसातला मोठा संगणक आपोआप गेमची शेवटची प्रत बांधतो आणि तीच सोमवारी जगात जाते. म्हणजे जे करायचं ते सहाच्या आत.

आधी श्रेयनामावली दुरुस्त केली. 'संगीतरचना व ध्वनिपरिभाषा' आणि पुढे माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मग फोल्डर उघडलं. कशाला हात लावू नका, हे साहेबांनी इतरांसाठी म्हटलं होतं. नाहीतर पासवर्ड कशाला दिला असता?

एकेका फाइलचं नाव बदललं. गाणं१ची स्वागतधून झाली. मांजरगाणं_छोटं होतं त्याची पाठलागधून. 'मेला गाणं' पुसून विरामधून लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. बारशाला जसं वाटतं तसं वाटलं. एकही फाइल सोडली नाही.

५.४० ला उठलो. दिवा घालवताना पुन्हा मागे वळून पाहिलं. आज काहीतरी काम झाल्यासारखं वाटलं.

२ मार्च, सोमवार

गेम बाहेर पडला. केक कापला. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. माझे सर्वांत शेवटी. महत्त्वाचं माणूस शेवटीच असतं.

माझ्या फोनवर हा गेम चालत नाही, फोन जुना. म्हणून ऑफिसच्या फोनवर लावून पाहिला. काही ऐकू येईना. स्पीकर बिघडलाय. या ऑफिसात एक वस्तू धड नाही. टेस्टरला विचारलं, तुझ्या फोनवर कसं वाजतंय? त्याने कानातली बोंडकी काढली आणि मस्त म्हणाला. नंतर कळलं की तो खेळताना कुठल्याशा परदेशी बँडचा गोंगाट ऐकत असतो, पहिल्यापासून.

याने काय चुका काढल्या असतील देव जाणे.

६ मार्च

अभिप्राय येऊ लागले. उतरवून ठेवतो.

एक बाई लिहितात, दिवसभराच्या कटकटीनंतर हा गेम उघडला की डोकं शांत होतं. एक विद्यार्थी लिहितो, डोकं न उठवणारा पहिला गेम. एका निवृत्त माणसाने लिहिलंय, इतकी निवांत इमारत मी पाहिली नाही.

निवांत! तीच तर माझ्या फेरधुनांची वृत्ती आहे. श्रोत्याला कळू न देता त्याच्यात उतरायचं. कोणी धुनेचा उल्लेख केलेला नाही, हे यशाचं लक्षण. मीठ बेताचं असलं की कोणी मिठाचं नाव काढत नाही.

साहेबांनाही हेच ऐकवलं. ते म्हणाले, खरंय काका, लोक शांततेचं फार कौतुक करतायत. कायम करण्याचं मात्र त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. अशा वेळी आपण होऊन विचारणं बरं दिसत नाही.

९ मार्च

हिने गेम घेतला! आपण होऊन. जेवणानंतर कोचावर बसून खेळत होती. तेराव्या खोलीपर्यंत पोचली होती. मी मुद्दाम दाराशी उभा राहून विचारलं, छान आहे का? ती वर न बघता म्हणाली, छान आहे हो गाणं.

गहिवरून आलं. पण गाणं म्हणाली. म्हणून बाजूला बसून पुन्हा पहिल्यापासून समजावलं. गळा, शब्द, फेरधून, ओळखसुरावट. बोलताबोलता पाहिलं तर मांजराने घुबडाला खाल्लं होतं आणि ती दिवा मालवायला उठली होती.

तरी पण. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने आपण होऊन माझं काही ऐकलं.

१२ मार्च

मोठी बातमी. गेमांविषयी लिहिणाऱ्या एका संकेतस्थळाच्या बाई मला भेटायला आल्या. आमच्या गेमच्या प्रसिद्ध शांततेमागे कोण आहे ते त्यांना हवं होतं. श्रेयनामावलीत माझं नाव पाहून आल्या होत्या. नावाचं महत्त्व मी सांगत होतो ते हेच.

मी दोन तास बोललो. कमीत कमी सुरांत जास्तीत जास्त कसं सांगायचं. सुरांपेक्षा सुरांमधली जागा कशी मोठी. रचनाकाराने स्वतःला पुसून टाकावं, वगैरे. त्या भारावून लिहून घेत होत्या. शेवटी विचारलं, एवढा टोकाचा निर्णय घेताना भीती नाही वाटली? मी म्हणालो, कलावंताला भीती परवडत नाही.

बाहेर येऊन प्रोग्रामरकडे एक कटाक्ष टाकला.

१६ मार्च, सोमवार

मुलाखत छापून आली. मथळा: 'गेममधून संगीत पूर्णपणे हद्दपार करणारा संगीतकार'. खाली लिहिलंय, साठ खोल्यांत एकही सूर न वापरण्याचं धाडस या कलावंताने केलं.

काय ही पत्रकारिता! मी कमीत कमी म्हणालो, या बाईने शून्य केलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. खुलाशाचं पत्र लिहायला घेतलं.

दुपारी १.१५. पत्र अर्धवट राहिलं. प्रोग्रामरने मुलाखत वाचली, कपाळाला आठ्या घातल्या आणि गेम उघडून कानाला लावला. मग ते फोल्डर उघडलं. मग मला बोलावलं. मग साहेबांना.

झालं होतं ते असं. गेम जुन्याच नावाने हाका मारत होता. गाणं१ कुठे आहेस, मांजरगाणं कुठे आहेस. त्या नावाची फाइल सापडत नव्हती. आणि सापडली नाही तर मुकाट पुढे जायचं, हा नियम तिनेच घातलेला. मी तिथल्या तिथे सांगितलं की चूक नियमाची आहे. माझ्या रचनांनी चुकीच्या नावाला ओ दिली नाही, यात त्यांचं काय चुकलं? प्रोग्रामर म्हणाली, फोल्डरला हात लावू नका असं सांगितलं होतं. मी म्हणालो, मला नावं द्यायला सांगितलं होतं. साहेब मधे पडले.

मला छळणारी गोष्ट ही नाहीच. दोन आठवडे. हजारो माणसं तो गेम खेळली. ऑफिसातले बाकीचे सहाही जण खेळले. एकालाही कळलं नाही.

वाईट वाटलं. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१७ मार्च

नवा विचार. झालं ते बरं झालं. लोकांना आता आधी नुसता सांगाडा माहीत आहे. संगीत परत आलं की त्यावर मांस चढेल आणि फरक एकदम कळेल. असा प्रयोग आजवर कोणी केला नसेल. साहेबांना सांगितलं. ते डोळे चोळत म्हणाले की टाकून तर बघू, लोक काय म्हणतात ते पाहू.

प्रोग्रामरने फाइलींना परत जुनी नावं दिली. मी पाहिलं नाही. खिडकीकडे तोंड करून उभा होतो.

२० मार्च

सकाळी ९. आज अपडेट गेलं. संगीतासह. ऑफिसच्या फोनचा स्पीकरही दुरुस्त झाला, म्हणजे तो कधी बिघडलाच नव्हता. स्वागतधून ऐकली. घुबडाची ओळखसुरावट येते तिथे अंगावर काटा आला. आता लोकांना कळेल.

सायंकाळ. अजून काही नाही. लोक भारावून गप्प असतील.

२१ मार्च

अभिप्राय.

हा आवाज कसला? गेम बिघडला का? हे गाणं बंद कसं करायचं? आधीचं बरं होतं. माझं लहान मूल झोपेतून उठलं. गाणं काढा नाहीतर गेम काढतो. ते निवांत इमारतवाले निवृत्त गृहस्थ लिहितात की कोणीतरी शेजारच्या खोलीत कीबोर्ड शिकतंय असं वाटतं.

मी एकेकाला उत्तर लिहायला बसलो. पहिल्याला लिहिलं की महोदय, आपण ज्यास गाणं म्हणता ती फेरधून होय. त्याने उत्तरादाखल नुसता कान झाकलेल्या माकडाचा चेहरा पाठवला. बाकीची उत्तरं लिहिली नाहीत.

प्रोग्रामरने संध्याकाळी गेममध्ये आवाज बंद करायचं बटण टाकलं. ती माझ्याजवळ आली आणि मला वाईट वाटतंय सर, असं म्हणाली. सर म्हणाली. इतके दिवस ज्यासाठी भांडलो तो शब्द असा मिळाला. मी मान हलवली.

२४ मार्च, मंगळवार

आकडे आले. बटण दिल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते दाबलं. जे राहिले त्यांना बहुतेक बटण सापडलं नसावं. मग साहेबांना कोणीतरी दाखवून दिलं की माझ्या फाइली काढल्या तर गेमचं वजन निम्म्यावर येतं, लोकांच्या फोनवर पटकन उतरतो. निर्णय पाच मिनिटांत झाला. शांतता हीच आपली ओळख, असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. मुलाखतीतलं माझंच वाक्य वाचून दाखवलं, सुरांमधल्या जागेविषयीचं.

माझ्या हाताने माझी मान कापली गेली. पण एक आहे. श्रेयनामावलीत नाव अजून आहे. 'संगीतरचना'. संगीत नाही, रचना नाही, नाव आहे. हत्ती गेला तरी शेपूट ठेवलंय.

कायम करण्याचं आज मी स्वतःच काढलं. साहेब म्हणाले, बोलू काका. त्यांना कुणाचा तरी फोन आला. फोन वाजला नव्हता.

२५ मार्च

संकल्प. नोकरी राहिली तर मांजराच्या नुसत्या आवाजांवर काम करायचं. मांजराला कोणी गाणं म्हणणार नाही. आराखडा करून ठेवला. म्याव प्रकार पहिला, म्याव प्रकार दुसरा. साहेबांना उद्या दाखवतो.

२६ मार्च

साहेब दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत. टेस्टरने माझ्या खोलीचं माप घेतलं. कशाला विचारलं तर म्हणाला, असंच.

२८ मार्च, शनिवार, संध्याकाळ

ही लवकर घरी आली. चहा केला आणि माझ्यासमोर बसली. एरवी कप घेऊन गॅलरीत जाते.

म्हणाली, भाच्याचा मंगळवारी फोन आला होता. एक तारखेपासून काकांनी येऊ नये असं ठरलंय, पण काकांना तोंडावर कसं सांगू, म्हणून मावशीवर टाकलं. चार दिवस ती वेळ शोधत होती. मी म्हणालो, मी तसाही सोडणारच होतो. ती हो म्हणाली.

मी म्हणालो, त्यांनीच मला बोलावून घेतलं होतं, हे त्यांनी विसरू नये. ती हळूच म्हणाली, मीच त्याला दोनदा विचारलं होतं. शाळेने संगीताचा तास बंद केल्यावर तुम्ही घरात भिंतीशी बोलायला लागला होतात.

चहा गार झाला. मग मी ते विचारलं. गेले बारा दिवस डोक्यात होतं, धीर होत नव्हता. नऊ तारखेला ती कोचावर खेळत होती आणि छान आहे म्हणाली होती. त्या दिवशी गेममध्ये एक सूरही नव्हता. मग तिने काय ऐकलं?

ती अजिबात ओशाळली नाही. म्हणाली, काही नाही. दिवसभर कानात लोकांच्या तक्रारी असतात, घरी आल्यावर ती फोनचा आवाज बंदच ठेवते. गेमचाही पहिल्या दिवसापासून बंद होता. मी विचारलं, मग छान का म्हणालीस? म्हणाली, लग्न झाल्यापासून म्हणतेय. तुम्ही विचारता छान आहे का, मी म्हणते छान आहे. ऐकलंस का, असं तुम्ही कधी विचारलंच नाहीत.

रागाने म्हणाली नाही. घरातली साखर संपली हे सांगावं तसं म्हणाली.

तिने कप उचलून ठेवले, परत येऊन बसली आणि फोन काढला. बावन्नाव्या खोलीत अडकली आहे. किल्ली कुठे लपवलीय हे तुम्हाला माहीत असेल, तिथलेच तुम्ही, असं म्हणाली. मला माहीत नव्हतं. मी हा गेम कधी खेळलोच नाही. तसं सांगितलं. तिने थोडं सरकून जागा दिली. मी बसलो. कपाटांमागे पाहिलं, जिन्याखाली पाहिलं. दोनदा मांजर आलं. किल्ली काही सापडली नाही, मग ती कुकर लावायला उठली.